घरात मुलाखतीची तयारी चालू असताना

वाचकहो, आपल्या घरातील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई सध्या एखाद्या तंत्रज्ञान कंपनीत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’च्या जागेसाठी मुलाखतींची तयारी करीत असेल, तर आपल्या कानांवर काही चमत्कारिक वाक्ये पडत असतील. लोटलेल्या दाराआड कोणी एकटेच बोलत असते. ‘दृष्टिहीन व्यक्तीसाठी गजराचे घड्याळ बनवायचे झाले, तर ते कसे असावे?’ थोड्या वेळाने, ‘पुण्यात वर्षाकाठी किती चष्मे विकले जात असतील?’ मग बराच वेळ शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपण दार किलकिले करून चहाचे विचारावे, तर आतून उत्तराऐवजी नुसता हात हलतो. आपल्या काळी मुलाखतीची तयारी म्हणजे प्रमाणपत्रांच्या साक्षांकित नकला, इस्त्रीचे कपडे आणि सामान्यज्ञानाचे एखादे पुस्तक. हा प्रकार अगदी निराळा आहे. त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे, हे मला गेल्या काही महिन्यांत कळून आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी ७१ वर्षांची, निवृत्त गणित-शिक्षिका. माझी सून ४१ वर्षांची. तिच्या नोकरीत तीन वर्षांचा खंड पडला होता आणि त्या खंडाचे कारण आमचे घर होते. माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला; उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अस्पष्ट झाले, गिळताना ठसका लागू लागला. मुलाची नोकरी फिरतीची. मदतनीस बायका दोन पाळ्यांत येत असत. परंतु डॉक्टरांशी बोलणारे, औषधांचा मेळ घालणारे आणि रात्री-अपरात्री निर्णय घेणारे माणूस घरातलेच लागते. माझे गुडघे मला रुग्ण उचलू-वळवू देत नव्हते. सुनेने आपणहून राजीनामा दिला. यजमान गेले, त्यानंतर सहा महिन्यांनी एका दुपारी भाजी निवडताना ती म्हणाली, ‘‘आई, मला पुन्हा काम सुरू करायचं आहे. पण त्या तीन वर्षांचं काय सांगू?’’

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. आजारी माणसाची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्त्रीच असते, आणि परतताना तिच्या अर्जात त्या काळाची जागा कोरी दिसते.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमके कोण, हे मी तिला आधी विचारून घेतले. कंपनी जी वस्तू वा सेवा बनवते, मग ते मोबाइलवरचे अॅप असो की पैसे पाठवण्याची सोय, ती कोणासाठी बनवायची, त्यांची कोणती अडचण आधी सोडवायची आणि अडचण सुटली की नाही हे कशावरून ओळखायचे, याचा विचार करणारी व्यक्ती. ती स्वतः प्रोग्रॅम लिहीत नाही, पडद्यावरची चित्रे काढत नाही, विक्रीलाही जात नाही. ही कामे करणाऱ्या सर्वांच्या मध्ये ती उभी असते, आणि गंमत अशी की त्यांच्यापैकी बहुधा कोणीच तिच्या हाताखाली नसते. म्हणजे एकत्र कुटुंबातल्या मोठ्या सुनेसारखे पद म्हणायचे.

पदनाम नवे वाटले तरी कल्पना जुनी आहे. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत ‘कॅमे’ साबणाच्या जाहिरातींचे काम पाहणारा नील मॅकएलरॉय हा २६ वर्षांचा तरुण होता. त्याच कंपनीच्या ‘आयव्हरी’ साबणापुढे कॅमेकडे पुरेसे लक्ष दिले जात नसे. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवले: प्रत्येक साबणासाठी स्वतंत्र जबाबदार माणूस नेमावा, त्याने विक्रीच्या ठिकाणांचा अभ्यास करावा, कुठे काय बिघडते आहे ते शोधावे आणि त्यावर इलाज योजावा. हे मॅकएलरॉय पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. साबणाच्या धंद्यातली ही रीत तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी आपलीशी केली. गूगलमध्ये २००२ साली मारिसा मेयर यांनी नव्या पदवीधरांना या कामात तयार करणारी योजना सुरू केली. आता तर या मुलाखतींच्या तयारीवरच जाडजूड पुस्तके निघाली आहेत.

मुलाखत एकच नसते. आधी भरती करणाऱ्यांचा फोन, मग चार-पाच फेऱ्या, प्रत्येक साधारण पाऊण तासाची, आणि हल्ली बहुधा व्हिडिओवर. एका फेरीत एखादी वस्तू कल्पून दाखवायची. दुसरीत आकड्यांवरून निदान करायचे: काल अॅप वापरणारे इतके होते, आज दहा टक्क्यांनी घटले, तर तुम्ही आधी काय तपासाल? (हे मला फॅमिली डॉक्टरांच्या कामासारखेच वाटले.) आणि एका फेरीत स्वतःच्या अनुभवातले प्रसंग सांगायचे. अॅमेझॉनची १६ नेतृत्वतत्त्वे जाहीर आहेत आणि तिथले बरेच प्रश्न त्यांच्या आधारे ‘असा एखादा प्रसंग सांगा, की जेव्हा...’ या धर्तीवर येतात. उत्तराचा साचाही ठरलेला आहे: परिस्थिती काय होती, आपली जबाबदारी काय होती, आपण काय केले आणि परिणाम काय झाला.

काही प्रश्न मात्र मला निव्वळ करमणुकीचे वाटतात. हजार मजली इमारतीची लिफ्ट कशी असावी, हे कोणाला उद्या ठरवायचे आहे? सून म्हणते की उत्तराला महत्त्व नसते, विचाराची दिशा पाहतात. मी ३४ वर्षे गणिताच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पायऱ्यांना गुण असतात हे मला ठाऊक आहे, पण गणित निदान विचारण्याजोगे तरी असावे.

चष्म्यांचे गणित मात्र मी आवडीने सोडवले. ही अंदाजाची गणिते भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या नावाने ओळखली जातात. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुचाचणीच्या वेळी त्यांनी कागदाचे कपटे हवेत सोडले आणि ते किती लांब जाऊन पडले त्यावरून स्फोटाच्या शक्तीचा अंदाज बांधला होता. आम्ही बांधलेला अंदाज साधा. पुण्याची वस्ती हिशेबापुरती ५० लाख धरू. त्यातल्या निम्म्यांना चष्मा आहे असे मानले तर २५ लाख चष्मे. सरासरी अडीच वर्षांनी चष्मा बदलतो असे धरले, तर वर्षाला १० लाख. सुनेने एवढे सांगून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘‘अगं, माझी फ्रेम सात वर्षांची आहे. मोतीबिंदू काढला तेव्हा फक्त काचा बदलल्या. आणि शाळेतल्या पोरांचा नंबर वर्षावर्षाला बदलतो. तू फ्रेम मोजते आहेस की काचा?’’ ती थांबली आणि तिने वही ओढली. मुलाखत घेणाराही असेच आडवे प्रश्न विचारतो म्हणे. त्या दिवसापासून रात्री नऊ ते पावणेदहा ही माझी परीक्षकाची वेळ ठरली. नातीने मोबाइलवर वेळ लावून द्यायची, मी खुर्चीत बसून प्रश्न विचारायचे.

इथे आपल्यासारख्यांचा उपयोग सुरू होतो, वाचकहो. ‘मला यातले काय कळते?’ असे म्हणून आपण मागे सरू नये. या व्यवसायाची परिभाषा आपल्याला येत नाही, हीच आपली जमेची बाजू आहे. मला एकच प्रश्न पुरत असे: ‘म्हणजे काय?’ सून इंग्रजीत सांगू लागली की ओघात ‘स्टेकहोल्डर’ येई. मी विचारी, ‘‘स्टेकहोल्डर म्हणजे कोण? मी, की मावशी?’’ ती हसे, पण पुन्हा सांगताना त्या शब्दाच्या जागी माणूस येई. पुढे आम्ही नियमच केला: प्रसंग आधी मराठीत सांगायचा, मग इंग्रजीत. मराठीत सांगताना तिच्या बोलण्यात माणसे, वेळा, भांडी, औषधे सगळे असे; इंग्रजीत गेले की त्याच प्रसंगावर धुके पसरे. हे धुके हटवण्यात आमचा जवळजवळ एक महिना गेला.

एके रात्री प्रश्न निघाला: ज्येष्ठ नागरिकांना औषधाची आठवण करून देणारे अॅप तयार करा. तिने सुरुवात केली, ‘‘मोठी अक्षरं, मोठी बटणं...’’ मी तिला तिथेच थांबवले. हे उत्तर प्रत्येक जण देतो. म्हातारपण म्हटले की मऊ भात, आणि फोन म्हटला की मोठी बटणे! आमच्या हास्यक्लबात ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, ते साऱ्यांची रेल्वेची तिकिटे फोनवर काढून देतात. ८४ वर्षांच्या एक आजी आहेत; त्यांचे डोळे चांगले आहेत, पण हात थरथरतो, म्हणून एकदा दाबायचे बटण दोनदा दाबले जाते. मला अक्षरे दिसतात, पण गजराचा बारीक चिरका आवाज नीट ऐकू येत नाही. वयानुसार कान उतरू लागले की उंच पट्टीचे स्वर आधी हरवतात. यांपैकी कोणत्या म्हाताऱ्यासाठी अॅप बनवते आहेस, ते आधी ठरव, असे मी तिला सांगितले. तिच्या पुस्तकातही हेच लिहिले होते म्हणे. पुस्तकातला ‘वापरकर्ता’ समोर खुर्चीत बसला आहे, हे त्या रात्री आम्हा दोघींच्या लक्षात आले.

मग मीच बोलत राहिले. गोळ्यांच्या पट्टीतून गोळी बाहेर काढणे हीच संधिवाताच्या बोटांना शिक्षा असते. औषधवाल्याने पट्टी कापून दिली तर नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते. ‘जेवणानंतर’ असे लिहिलेले असते, पण एकादशीला जेवण कुठे असते? एकाच औषधाचे नाव कंपनीगणिक बदलते, रंग बदलतो, आणि माणूस बिचकून दोन्ही घेतो किंवा कुठलेच घेत नाही. सून भराभर लिहून घेत होती. तिने विचारले, ‘‘हे अॅप यशस्वी झालं, हे कशावरून म्हणायचं? किती जणांनी गजर ऐकून ‘घेतली’ असं दाबलं, यावरून?’’ मी म्हटले, ‘‘तुझ्या सासऱ्यांना हात चालत होता तोवर ते काय करायचे, आठव. गजर वाजला की आधी तो बंद करायचे. आवाज नको म्हणून. गोळी डबीतच राहायची.’’

बटण दाबले जाणे आणि गोळी पोटात जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिने ते उत्तर पुढे दोन ठिकाणी दिले आणि दोन्ही ठिकाणी समोरच्याने मान वर करून पाहिले, असे तिने सांगितले.

एका मुद्द्यावर आमचे पटले नाही. गोळी चुकली की मुलाला ताबडतोब निरोप जावा, अशी तिची सूचना होती. मी म्हटले, माझी चाडी करणारा फोन मी पहिल्याच दिवशी कपाटात ठेवून देईन. काळजी घेणाऱ्यांच्या बाजूने पाहता तिचेही चुकत नव्हते. दूरगावी राहणाऱ्या मुलाचा जीव टांगणीला लागलेला असतो. दोन रात्री वाद चालला. शेवटी तिने असे मांडले, की निरोप कोणाला जावा आणि किती वेळा चुकल्यावर जावा, हे गोळी घेणाऱ्यानेच ठरवावे. हृदयविकारासारख्या औषधांबाबत डॉक्टरांचे मत घ्यावे. मला ते अजूनही पुरते मान्य नाही. पण आपल्या घरी सीसीटीव्ही बसवण्यापूर्वी मुलांनी हाच विचार करावा, असे मला जाता जाता सुचवावेसे वाटते.

आता त्या तीन वर्षांविषयी. सुनेने पहिल्यांदा लिहून आणलेले वाक्य असे होते: ‘कौटुंबिक कारणांमुळे काही काळ कामापासून दूर होते.’ वाक्य खरे होते आणि पुरेसेही होते. घरातल्या आजाराचा तपशील मुलाखतीत सांगण्याचे कोणतेही बंधन नसते. एक-दोन वाक्यांत कारण सांगून पुढच्या कामाविषयी बोलावे, असाच जाणत्यांचा सल्ला आहे. मात्र ‘अलीकडच्या काळात तुम्ही एखादी अडचण कशी सोडवलीत?’ असे विचारले की तिला पाच वर्षांपूर्वीचे प्रसंग शोधावे लागत. ते तिच्याही तोंडी शिळे वाटत. मला तिच्या वहीची आठवण झाली.

यजमानांच्या आजारात ती एक वही ठेवत असे. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितले होते की त्यांना पाणी, चहा, ताक असे पातळ पदार्थ तसेच द्यायचे नाहीत. घट्टसर करून, पाठ ताठ बसवून, चमच्याचमच्याने द्यायचे. (हे आमच्या रुग्णापुरते होते, आपल्या रुग्णासाठी तज्ज्ञांनाच विचारावे.) तरीही रात्री ठसके लागत. सुनेने आठ दिवस प्रत्येक ठसक्याची वेळ लिहिली. बरेचसे ठसके रात्री आठ ते नऊच्या दरम्यान होते, म्हणजे दिवसपाळीच्या ताई जाऊन रात्रपाळीच्या मावशी येत त्यानंतरच्या तासात. ताई घाईत निघत, मावशींना तोंडी काही सांगत, त्यातले निम्मे राहून जाई. सुनेने स्वच्छ अक्षरांत सूचना लिहून कागद फ्रीजवर लावला. आठवडा गेला, ठसके तेवढेच. तिने मावशींना रागावून विचारले नाही. एका रात्री त्यांच्याजवळ नुसती बसून राहिली. तेव्हा लक्षात आले, की मावशींना अक्षरे जुळवून वाचणे जड जाते आणि हे सांगायचा त्यांना संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी कागद बदलला. त्यावर चित्रे आली: ताठ उशी, वाटी आणि चमचा, पेल्यावर फुली, कूस बदलण्यासाठी दर दोन तासांचे घड्याळ. रात्रीचे चार-पाच ठसके होते, ते पंधरा दिवसांत आठवड्याला एक-दोनवर आले. वहीत सारे आकडे आहेत.

मी ती वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, ‘‘तुझ्या त्या चार पायऱ्या यात आहेत की नाहीत, बघ.’’ ती बराच वेळ पाने उलटत राहिली. मग तिने जे विचारले त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. ‘‘आई, बाबांबद्दल परक्या लोकांसमोर बोललेलं तुम्हाला चालेल?’’

वाचकहो, ज्यांनी घरात दीर्घ आजार पाहिला आहे, त्यांना माझी घालमेल समजेल. माझे यजमान टापटिपीचे. बाहेरच्या माणसासमोर बनियनवर न येणारे. त्यांचे लोळागोळा झालेले शरीर, त्यांना भरवलेला घास, कोणाच्या तरी नोकरीच्या बोलण्यात यावा, हे मला रुचेना. त्यांना विचारण्याची सोय उरली नव्हती. मी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत मला असे दिसले, की गोष्ट दोन जणांची आहे. एक त्यांची, जी आमच्या चार भिंतींत राहावी. दुसरी सुनेची: तिने वेळा कशा लिहिल्या, पहिला कागद का फसला, दुसरा कसा केला. या दुसऱ्या गोष्टीवर तिचाच हक्क आहे; तिथे माझ्या परवानगीचाही प्रश्न येत नाही. मी तिला सांगितले, ‘‘कागदाचं सगळं सांग. त्यांचं नको. ‘घरातल्या एका ज्येष्ठ रुग्णाला’ एवढंच पुरे. आणि मावशी अडाणी होत्या असं कुठेही म्हणायचं नाही. कागद त्यांना वाचता येईल असा नव्हता, एवढंच म्हणायचं.’’ तिने तसेच बसवले. अडीच मिनिटांत होईल इतके. सांगताना पहिल्या चार-पाच वेळा तिचा आवाज कापला आणि आम्ही तिथेच थांबलो. ते होऊ द्यावे. घरात कापलेला आवाज बाहेर कापत नाही.

प्रकृतीविषयी थोडे. या फेऱ्या महिना-दोन महिने चालतात आणि तेवढा काळ माणूस ताणाखाली असते. परदेशातले अधिकारी मुलाखत घेणार असतील तर वेळाही अवघड येतात: उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि हिवाळ्यात तिथली घड्याळे तासभर मागे घेतली की आपले साडेदहा. रात्री मुलाखत असली की संध्याकाळी चहावर चहा होतो. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातले कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे सात वाजताच्या चहाचा अंमल मध्यरात्रीही असतो. आम्ही पाचनंतर चहा बंद केला. मुलाखतीपूर्वी तासभर आधी हलके जेवण, तोंडाला कोरड पडते म्हणून जवळ कोमट पाणी, आणि आदल्या रात्री वही मिटून झोप. जागून केलेली उजळणी सकाळी आठवत नाही, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. संध्याकाळी आम्ही दोघी अर्धा तास चालायला जात असू. त्या वेळी मुलाखतीचे नाव काढायचे नाही, असे ठरले होते आणि बहुतेक वेळा पाळलेही गेले.

घरातल्या इतरांनी काय करावे, तेही सांगते. त्या पाऊण तासात कुकर लावू नये, दाराच्या घंटेजवळ कोणी तरी बसावे. रुग्ण सांभाळणारी व्यक्तीच मुलाखत देणार असेल, तर त्या वेळेपुरते रुग्णाजवळ दुसरे माणूस नक्की करावे आणि ते आदल्या दिवशी करावे. ‘बघू आयत्या वेळी’ यावर ठेवू नये. मुलाखतीची तारीख नातेवाइकांत जाहीर करू नये. आणि खोलीचे दार उघडल्याबरोबर ‘काय झालं?’ असे विचारू नये. तिला स्वतःलाही ते ठाऊक नसते.

पहिल्या कंपनीने दोन फेऱ्यांनंतर दोन ओळींचा नकार पाठवला. कारण लिहिलेले नव्हते. बहुधा लिहीतच नाहीत. सून दुसऱ्या दिवशी आठपर्यंत झोपली, मी तिला उठवले नाही. दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या फेरीत एका तरुण अधिकाऱ्याने त्या तीन वर्षांविषयी असे विचारले, की जणू ती सुट्टीवर होती. तिने शांतपणे उत्तर दिले. तिथूनही नकार आला. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मीही तिला जेवणाचा आग्रह केला नाही, नुसते दूध पुढे ठेवले.

तिसरी कंपनी पुण्यातलीच, रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली बनवणारी. शेवटच्या फेरीत तिने कागदाची गोष्ट सांगितली. समोरच्या बाईंनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘‘कागद फ्रीजवरच का लावलात? रुग्णाच्या पलंगाजवळ का नाही?’’ हा प्रश्न आमच्या तालमीत कधीच आला नव्हता. मी विचारलेला नव्हता, कारण मला कधी तो पडलाच नव्हता. आमच्या घरात कागद फ्रीजवरच लागतात. सून म्हणाली, ‘‘मावशी आल्या की सर्वांत आधी आपला जेवणाचा डबा फ्रीजमध्ये ठेवत. पलंगाशी त्या नंतर जात.’’

आठवड्याने बोलावणे आले. पद तिच्या पूर्वीच्या पदापेक्षा एक पायरी खालचे होते, पगारही थोडा कमी. तिने पगाराविषयी बोलणी केली, थोडा वाढवून घेतला. पायरी मात्र तशीच राहिली. एक दिवस विचार करून तिने होकार कळवला. माझ्या मते तिला वरचे पद मिळायला हवे होते, आणि हे मी तिलाही सांगितले आहे.

रुजू होण्याच्या आदल्या रविवारी तिने मावशींना फोन करून ही बातमी दिली. मावशी आता सिंहगड रस्त्यावर एका आजींकडे रात्रपाळीला जातात. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, तो चित्रांचा कागद मी जाताना झेरॉक्स काढून नेला होता. पण या आजींना साखरेचा त्रास आहे, त्यांचं वेगळं असतं. जेवायच्या वेळा, पायाला लावायचं मलम... एक त्यांच्यासाठीही काढून देता का?’’ सुनेने फोन कानाशी धरूनच नातीकडून रंगीत पेन मागवले आणि आजींना दिसते कसे, मावशी घरात शिरल्यावर आधी कुठे जातात, फ्रीज कुठल्या खोलीत आहे, हे एकेक विचारून लिहून घ्यायला सुरुवात केली.